बिजागरीसाठी सेल्फ-सेंटरिंग ड्रिल बिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारं-कपाटं बसवणाऱ्यांकडून, विशेषतः पहिल्यांदाच स्वतः बिजागरी लावायला घेतलेल्यांकडून, हे प्रश्न सतत येतात. सुरुवातीला ओळख आणि मापं आहेत, पुढे वापर आणि शेवटी अडचणीचे प्रसंग. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेल्फ-सेंटरिंग बिट म्हणजे नेमकं काय? साध्या बिटाने होत नाही असं तो काय करतो?

हा बिट एका धातूच्या नळीत बसवलेला असतो आणि नळीच्या मागे स्प्रिंग असते. नळीचं तोंड शंकूसारखं निमुळतं असतं. बिजागरीच्या पट्टीवरच्या भोकाला स्क्रूचं डोकं बसावं म्हणून जो उतरता खळगा दिलेला असतो, त्यात हे तोंड जाऊन बसतं. गोल खळग्यात गोल शंकू दाबला की तो आपोआप मध्यावर येतो. मग मशीन दाबलं की नळी मागे सरकते आणि आतला बिट बरोबर मध्यातून लाकडात उतरतो. मशीन उचललं की स्प्रिंग नळीला पुन्हा पुढे ढकलते.

साधा बिट पट्टीच्या भोकातून घातला तर त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. ४-५ मिमीच्या भोकात २-३ मिमीचा बिट कुठेही टेकू शकतो, आणि टेकल्यावर लाकडाच्या रेषेवरून घसरून नरम भागाकडे जातो. डोळ्यांनी मध्य साधला तरी बिट फिरायला लागताच तो मध्य सुटतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवा. हा बिट पट्टीवरच्या खळग्याचा मध्य शोधतो. तुम्ही पेन्सिलीने केलेली खूण त्याला दिसत नाही. पट्टी चुकीच्या जागी असेल तर भोकही तितक्याच अचूकपणे चुकीच्या जागी पडेल. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. भोक जरासं सरकलं तर एवढं काय बिघडतं? स्क्रू तर बसतोच ना!

बसतो, पण पट्टीला सोबत ओढत बसतो. स्क्रूचं डोकंही शंकूच्या आकाराचं आणि पट्टीतला खळगाही. स्क्रू मध्यावर नसेल तर शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत डोक्याची एक बाजू खळग्याच्या उतारावर आधी टेकते आणि पट्टीला त्या दिशेला ढकलते. पटाशीने नीट कोरलेल्या खाचेत पट्टी चपखल बसलेली असेल, तर तिला सरकायला जागा नसते. मग स्क्रूच वाकतो किंवा त्याचं डोकं एका बाजूने वर राहतं.

हे वर राहिलेलं डोकं फार त्रास देतं. दार मिटताना समोरच्या पट्टीला ते आपटतं, दार शेवटच्या बोटभर अंतरात स्प्रिंगसारखं परत येतं, आणि माणूस मात्र दाराची कड रंध्याने तासत बसतो. दार असं परत येत असेल तर रंधा हातात घेण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बोट फिरवून पाहा. डोकं पट्टीच्या पातळीवर किंवा केसभर खालीच असायला हवं.

दाराच्या एका पट्टीत बहुधा ३ किंवा ४ स्क्रू असतात आणि प्रत्येक भोक वेगळ्या दिशेला सरकलेलं असतं. म्हणून पट्टी नेमकी कुठे जाईल याचा अंदाज बांधता येत नाही.

३. माझ्या स्क्रूला कोणत्या मापाचा बिट लागेल?

बाजारातले बहुतेक बिट इंचाच्या अपूर्णांकात असतात. बिजागरीच्या कामात तीन मापं सर्वांत जास्त लागतात (स्क्रूचा नंबर म्हणजे त्याच्या जाडीचं माप, प्रश्न ४ पाहा):

- ५/६४ इंच, म्हणजे साधारण २ मिमी: ५ आणि ६ नंबरचे स्क्रू. कपाटाच्या लहान बिजागऱ्या.
- ७/६४ इंच, म्हणजे साधारण २.८ मिमी: ८ नंबर, आणि नरम लाकडात १० नंबर. मध्यम बिजागऱ्या.
- ९/६४ इंच, म्हणजे साधारण ३.६ मिमी: १२ नंबर, आणि कठीण लाकडात १० नंबर. घराच्या दारांच्या बिजागऱ्या.

पाकिटावर ‘८ ते १० नंबरसाठी’ असं लिहिलेलं असतं, ते सरासरी लाकूड धरून. पाइनसारख्या नरम लाकडात ७/६४ मध्ये १० नंबरचा स्क्रू छान घट्ट बसतो. तोच स्क्रू सागवानात किंवा ओकमध्ये त्या भोकात घालायला गेलात, तर हात दुखेल, डोक्याची खाच झिजेल किंवा लाकूड तडकेल. कठीण लाकडात भोक थोडं मोठंच हवं. हवं ते माप संचात नसेल तर सेल्फ-सेंटरिंग बिटाने लहान भोक पाडा, पट्टी बाजूला काढा आणि त्याच भोकात किंचित मोठा साधा बिट घाला. आधीच पडलेल्या भोकात साधा बिट मध्य सोडत नाही. ६ नंबरच्या स्क्रूला कठीण लाकडात २ मिमी कमी पडतं, तेव्हा २.४-२.५ मिमीचा साधा बिट असा मागून फिरवायचा.

४. स्क्रूवर नंबर लिहिलेला नसतो. मग कसं ओळखायचं?

व्हर्निअर कॅलिपर असेल तर स्क्रूच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. ६ नंबर साधारण ३.५ मिमी, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८ आणि १२ नंबर ५.५ मिमी भरतो. जुन्या पद्धतीच्या लाकडी स्क्रूंमध्ये या व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश इतका आतला गाभा असतो, आणि भोक त्या गाभ्याएवढं हवं. ८ नंबरचं गणित करून पाहा: ४.२ चे दोन तृतीयांश २.८ मिमी, म्हणजे ७/६४.

मोजायला काही नसेल तर डोळ्यांनी होतं. स्क्रू उजेडाकडे आडवा धरा आणि त्याच्या पुढे बिट धरा. बिटामागे स्क्रूचा गाभा पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे बाहेर दिसले पाहिजेत. गाभा बिटाच्या बाहेर डोकावत असेल तर बिट लहान आहे, आटेही झाकले जात असतील तर मोठा. माझ्या मते नंबरापेक्षा ही परीक्षा जास्त भरवशाची, कारण हल्लीच्या पातळ गाभ्याच्या आणि खोल आट्यांच्या स्क्रूंना दोन तृतीयांशाचा नियम लागू पडत नाही.

परीक्षा नेहमी त्याच स्क्रूवर करा जो शेवटी लागणार आहे. बिजागरीच्या पाकिटात आलेले स्क्रू बदलून दुसरे वापरणार असाल, तर आधी त्यांची डोकी खळग्यात नीट बसतात का तेही पाहून घ्या.

५. बिटाचा व्यास जुळला, पण नळीचं तोंड खळग्यात नीट बसत नाही. तरी चालेल का?

नाही. निवड दोन मापांवर होते. बिट स्क्रूच्या गाभ्याशी जुळायला हवा आणि नळीचं तोंड पट्टीच्या खळग्याशी. लोक पहिलं माप पाहतात आणि दुसरं विसरतात.

तोंड खळग्यापेक्षा मोठं असेल तर नळी खळग्यात उतरतच नाही, पट्टीच्या सपाट पृष्ठभागावर टेकून राहते आणि इकडेतिकडे घसरते. तोंड फारच लहान असेल तर ते उतारावर न टेकता आरपार भोकातून थेट लाकडावर जाऊन बसतं. दोन्हीकडे बिट ‘सेल्फ-सेंटरिंग’ उरत नाही.

बिजागरी हातात घेऊन, मशीन बंद असताना, तोंड खळग्यात दाबा आणि बाजूला हलवून पाहा. ते हललं नाही पाहिजे. मग नळी पूर्ण दाबून बिट पलीकडे काढा आणि पट्टी पालथी करून पाहा: भोकाच्या कडेपासून बिटापर्यंतचं अंतर चहूबाजूंनी सारखं हवं. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी प्रत्येक नव्या बिजागरीला करावी.

खळग्याच्या कोनाची चिंता मात्र करू नका. इंची स्क्रूंचा कोन ८२ अंश आणि मेट्रिक स्क्रूंचा ९० अंश असतो. या फरकामुळे तोंड पूर्ण उतारावर न टेकता एका गोल रेषेवर टेकतं, पण रेषा गोल असल्याने मध्य तोच राहतो.

६. पूर्ण संच घ्यावा की एकच बिट?

एकाच कपाटाच्या एकसारख्या बिजागऱ्या लावायच्या असतील तर एकच पुरे. वरचेवर काम होणार असेल तर ५/६४, ७/६४ आणि ९/६४ हे तीन घ्या.

सात-सात बिटांच्या संचात ११/६४, ३/१६, ५ मिमी आणि १/४ इंच असे मोठे बिटही येतात. बिजागरीच्या स्क्रूला ते क्वचितच लागतात. ५ मिमी आणि १/४ इंच हे मुख्यतः कपाटातल्या फळ्यांच्या पिनांची भोकं साच्यातून पाडायला असतात. ५ मिमीचा आणखी एक उपयोग प्रश्न १७ मध्ये आला आहे.

७. विकत घेताना काय तपासू?

- बिट बदलता येतो का. नळीच्या मागे बिट धरून ठेवणारा बारीक स्क्रू असेल आणि तो अॅलन कीने (षट्कोनी टोकाच्या चावीने) सैल होत असेल तर घ्या. २ मिमीचे बिट तुटतात, ते गृहीत धरूनच घ्यायचं. कायमचा चिकटवलेला बिट मोडला की सगळंच टाकावं लागतं.
- नळी मोकळी असताना बिटाचं टोक नळीच्या तोंडाच्या आत आहे का. टोक बाहेर डोकावत असेल तर नळी बसण्याआधी बिटच लाकडाला टेकेल.
- नळीला बाजूचा खेळ किती आहे. बोटात धरून हलवा. थोडा खेळ असतोच, पण खडखड वाजत असेल तर सोडून द्या.
- मशीनमध्ये लावून अगदी हळू फिरवल्यावर टोक एका जागी राहतं की गोल घिरट्या घालतं.
- नळीला भुसा बाहेर पडायला बाजूने खिडक्या आहेत का. मोठ्या खिडक्या चांगल्या.
- दांडा. १/४ इंचाचा षट्कोनी दांडा झटपट बदलायच्या धारकात बसतो. भोक पाडायचं, लगेच स्क्रू बसवायचा, अशा कामात तो फार सोयीचा.

बिट एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) असला की लाकडासाठी पुरे.

८. वापरायची योग्य पद्धत कोणती?

मशीनचा हॅमर मोड (ठोकत फिरण्याची सोय) बंद करा. नळीचं तोंड खळग्यात ठेवा आणि फक्त नळी बसेल इतकंच दाबा, बिट अजून लाकडाला टेकू नये. मशीन पट्टीला काटकोनात आहे हे समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहा. मग ट्रिगर दाबा, मध्यम वेग येऊ द्या आणि एका दमात सरळ पुढे दाबा. बाहेर येतानाही बिट फिरताच ठेवा, म्हणजे भुसा त्याच्याबरोबर निघतो.

काटकोनाकडे दुर्लक्ष झालं की या बिटाचा फायदा जातो. भोकाचं तोंड मध्यावर, पण भोक आत तिरकं, असं होतं. तिरक्या भोकात गेलेल्या स्क्रूचं डोकं तिरकंच बसतं आणि मग प्रश्न २ मधलं सगळं पुन्हा घडतं.

काही बिटांची नळी खळग्यात स्थिर राहते आणि आत बिट फिरतो, काहींची नळी बिटाबरोबर फिरते. दुसऱ्या प्रकारात चकचकीत पितळी किंवा रंगीत बिजागरीच्या खळग्यावर गोल ओरखडा उठतो. स्क्रूच्या डोक्याखाली तो बहुतेक झाकला जातो, तरी महाग बिजागरीवर आधी सुट्या पट्टीवर पाहून घ्या.

९. भोक पाडताना पट्टीच हलते. काय करू?

खाच कोरलेली असेल तर पट्टी खाचेच्या मागच्या कडेला टेकवून अंगठ्याने घट्ट धरा. पण भोकांजवळ बोट ठेवू नका, निसटलेला बिट थेट बोटात जातो. खाच नसेल आणि पट्टी वरूनच बसवायची असेल, तर पातळ दुहेरी चिकटपट्टीचा एक तुकडा पट्टीखाली लावा किंवा क्लॅम्प आवळा. फोमची जाड चिकटपट्टी नको, तिच्यामुळे पट्टी उचलली जाते आणि दाबल्यावर डुगडुगते.

आणखी एक मार्ग आहे आणि तो मला सर्वांत आवडतो: एकच भोक पाडा, त्यात स्क्रू बसवा, पट्टी सरळ आहे ना ते गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) पाहा आणि मग बाकीची भोकं पाडा. पहिला स्क्रूच क्लॅम्पचं काम करतो.

१०. भोक किती खोल जायला हवं? लांब स्क्रूचं काय?

साधारण स्क्रूच्या लाकडात जाणाऱ्या लांबीइतकं, कठीण लाकडात एक-दोन मिमी जास्तच. या बिटाची खोली नळी पूर्ण मागे गेल्यावर बिट जितका बाहेर येतो त्यावर ठरते, आणि त्यातून पट्टीची जाडी वजा होते. बऱ्याच बिटांमध्ये प्रश्न ७ मधला बारीक स्क्रू सैल करून बिट पुढेमागे करता येतो. खोली नेहमी टाकाऊ लाकडावर, तीच पट्टी मध्ये ठेवून ठरवा.

जड दाराच्या वरच्या बिजागरीत ७५ मिमीचे लांब स्क्रू घालून चौकटीमागच्या लाकडापर्यंत नेतात. तेवढी खोली कुठल्याच सेल्फ-सेंटरिंग बिटाला येत नाही. इथे त्याने फक्त सुरुवात करा आणि तेच भोक त्याच मापाच्या लांब साध्या बिटाने पुढे न्या.

उलट बाजूही आहे. १६ किंवा १८ मिमीच्या कपाटाच्या फळीत बिट फार बाहेर ठेवला तर तो पलीकडून निघतो. रंगवलेल्या दर्शनी बाजूवर असं भोक पडलं की ते लपवता येत नाही.

११. सगळी भोकं एकदम पाडावीत की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने. प्रत्येक पट्टीत आधी मधलं एकच भोक पाडून स्क्रू बसवा, दार टांगा, उघडून-मिटून चारही बाजूंची फट पाहा. फट बरोबर असेल तर उरलेली भोकं पाडा. नसेल तर तो एक स्क्रू काढून, पट्टी हवी तशी सरकवून, दुसऱ्या भोकातून नवी सुरुवात करता येते. सगळी भोकं आधीच पाडून बसलात तर १ मिमी सरकवायलाही जागा उरत नाही, मग प्रश्न १४ वाचावा लागतो.

१२. पितळी स्क्रूची डोकी मोडतात. बिट चुकला का?

बहुतेक वेळा भोक लहान असतं. पितळ मऊ आहे, कठीण लाकडात ते पिळवटून तुटतं आणि तुटकं टोक आतच राहतं. प्रश्न ४ मधल्या परीक्षेत गाभा पूर्ण झाकला जातो याची खात्री करा आणि शंका आली तर मोठ्या मापाकडे झुका.

त्यानंतर त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी एकदा पूर्ण बसवून काढा, म्हणजे लाकडात आटे पडतील. मग पितळी स्क्रूला मेण चोळा आणि हातानेच आवळा, मशीनने नको. साबणापेक्षा मेण बरं, कारण साबण दमट हवेत ओलावा धरून ठेवतो.

१३. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि प्लायवूडला हेच नियम लागतात का?

बिट तोच, काळजी वेगळी. एमडीएफमध्ये स्क्रू आत जाताना सामान बाजूला सरकायला जागा मागतं. भोक लहान किंवा उथळ असेल तर स्क्रूभोवती फुगवटा येतो आणि पट्टी त्यावर उचलली जाते. म्हणून भोक स्क्रूच्या लांबीपेक्षा २-३ मिमी खोल ठेवा आणि पट्टी काढून भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंक बिट (उतरता खळगा पाडणारा बिट) हलकेच फिरवा. फुगवटा त्या छोट्या खळग्यात मावतो.

एमडीएफच्या किंवा प्लायवूडच्या कडेत स्क्रू घालायचा असेल तर थर सुटण्याची भीती असते. कड क्लॅम्पमध्ये दाबून ठेवा, भोक पूर्ण खोल पाडा, स्क्रू हळू आवळा. पार्टिकल बोर्डात उलट, भोक मोठं झालं की पकडच जाते. तिथे जाड आट्यांचे स्क्रू आणि लहान भोक.

१४. जुनी भोकं शेजारीच आहेत. सेल्फ-सेंटरिंग बिट नवं भोक बरोबर जागी पाडेल ना?

नाही पाडणार. नळी मध्यावर बसेल, पण बिटाचं टोक जुन्या भोकाच्या काठाला टेकताच रिकाम्या बाजूला घसरेल. पातळ बिट वाकतो आणि नळीला ते कळत नाही.

आधी जुनी भोकं बुजवा. भोक ६ किंवा ८ मिमीपर्यंत मोठं करा, त्याच मापाची लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, गोंद पूर्ण वाळू द्या, पटाशीने सपाट करा. काड्या आणि गोंद भरूनही काम चालतं, पण काड्यांमध्ये बिट पुन्हा भरकटू शकतो, एकसंध खुंटीत कमी. पुटी भरून तिथेच स्क्रू घालणं बिजागरीसाठी मुळीच नको. पुटी दाराचं वजन धरत नाही.

खुंटीच्या टोकाशी लाकडाचे तंतू उभे असतात, त्यांत स्क्रूची पकड थोडी कमी असते. जड दाराला म्हणून थोडा लांब स्क्रू वापरा, म्हणजे तो खुंटीच्या पलीकडच्या मूळ लाकडात जाईल.

१५. सगळं बरोबर करूनही भोक सरकलं. असं का होतं?

कारणं ज्या क्रमाने तपासावीत त्या क्रमाने:

जुन्या बिजागरीच्या खळग्यात रंगाचे थर साचलेले असतात. नळी त्या उंचवट्यावर तिरकी बसते. खळगे खरवडून धातू दिसेपर्यंत साफ करा.

बिट बोथट झालेला असतो. बोथट बिट कापत नाही, वाट शोधतो. भोकाच्या काठावर काळपट जळका रंग दिसला की बिट बदला.

लाकडाच्या वर्षवलयांत नरम आणि कठीण पट्टे फार वेगळे असतात. पाइनमध्ये हे नेहमीचं. नळी पृष्ठभागावर मध्य धरते, आत लाकूड बिटाला वाकवू शकतं. पट्टीवर मध्य धरून आरीने (टोकदार टोच्याने, करवतीने नव्हे) आधी खोलगट टोचा, मग बिट घाला.

बिजागरीचाच खळगा भोकाशी एकमध्य नसतो. स्वस्त बिजागऱ्यांत हे दिसतं. बिट खळगाच मानेल, आणि ते योग्यच, कारण स्क्रूचं डोकंही खळग्यातच बसणार आहे. फक्त बिट भोकाच्या धातूला घासत नाही ना, ते पाहा. घासत असेल तर बिटाची धार एका भोकात जाते.

१६. पट्टीतली भोकं लांबट आहेत. त्यांत हा बिट चालतो का?

लांबट भोकात नळी रुंदीच्या दिशेने मध्य धरते, लांबीच्या दिशेने सैल राहते. लांबीचा मध्य तुम्हालाच ठरवावा लागतो. लांबट भोकं पट्टी पुढेमागे करण्यासाठी दिलेली असतात, म्हणून स्क्रू मध्यावरच हवा, टोकाला नको. पेन्सिलीने मध्याची खूण करा, आरीने टोचा, त्या खळीवर बिट टेकवून भोक पाडा. दार बरोबर बसल्यावर त्याच पट्टीतल्या गोल भोकात सेल्फ-सेंटरिंग बिटाने शेवटचे स्क्रू घाला, म्हणजे पट्टी पुन्हा सरकत नाही.

१७. कपाटाच्या आत लपणाऱ्या कप बिजागरीला हा बिट लागतो का?

मोठं ३५ मिमीचं कप भोक फोर्स्टनर बिटाने (सपाट तळाचं मोठं भोक पाडणाऱ्या बिटाने) पाडतात, तिथे याचा संबंध नाही. कपाच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंना मात्र हा बिट फार उपयोगी पडतो, कारण ते दोन स्क्रू सरकले तर कपच भोकात फिरतो आणि दार तिरकं दिसतं. कप आधी दाबून बसवा, बिजागरीचा हात दाराच्या कडेला काटकोनात आहे हे गुण्याने पाहा, मगच भोकं.

कपाटाच्या बाजूच्या प्लेटला, बिनचौकटीच्या कपाटात, ३२ मिमी अंतरावरची दोन भोकं पुढच्या कडेपासून साधारण ३७ मिमी आत येतात. प्लेट ३.५ मिमीच्या साध्या स्क्रूने बसवायची असेल तर ५/६४ चा बिट. ६.३ मिमीचे जाड, बुटके स्क्रू असतील तर ५ मिमीचं भोक लागतं आणि संचातला ५ मिमीचा बिट इथे कामाला येतो. प्लेटची भोकं लांबट असतील तर प्रश्न १६ पाहा.

१८. काही सुतार भोक मुद्दाम मध्यापासून थोडं सरकवतात असं ऐकलं. मग हा बिट कशाला?

बरोबर ऐकलंत. भोक खाचेच्या मागच्या कडेकडे अगदी थोडं सरकवलं की स्क्रू आवळताना पट्टी मागे ओढली जाते आणि खाचेच्या कडेला घट्ट बसते. कसबी हाताला हे जमतं. सेल्फ-सेंटरिंग बिटाने ते होत नाही, तो सरकू देत नाही.

माझा सल्ला असा: खाच चपखल असेल तर मध्यावरच भोक पाडा, ओढायला काही उरलेलंच नसतं. खाच किंचित सैल असेल आणि पट्टी मागे घ्यायचीच असेल, तर एकाच भोकात ही युक्ती आरीने करा आणि बाकीची सेल्फ-सेंटरिंग बिटाने पाडा. सगळीच भोकं सरकवली तर डोकी तिरकी बसतात.

१९. पियानो बिजागरीला भोकं खूप असतात. काही वेगळं करावं लागतं?

पट्टी लांब आणि पातळ असल्याने ती मधे फुगते. दोन टोकांना आणि मध्यावर एकेक स्क्रू बसवा, पट्टीची कड लांब सरळ पट्टीला लावून पाहा, मग एक सोडून एक भोकं पाडा आणि शेवटी उरलेली. खळगे लहान असतात, त्यामुळे तोंड बसतं का हे आधी पाहा. ५/६४ चीही नळी मोठी पडली तर १/१६ इंचाचा बिट शोधा.

२०. बिजागरीच्या पिनेच्या गोल बाजूला नळी आडवी येते, मशीन सरळ उभं राहत नाही.

दोन्ही पट्ट्या पूर्ण उघड्या, सपाट करा. पिन काढता येणारी बिजागरी असेल तर पिन काढून एकेक पट्टी सुटी लावा, काम निम्म्याने सोपं होतं. चौकटीच्या कोपऱ्यात मशीनचं डोकं भिंतीला टेकत असेल तर षट्कोनी दांड्याला लांब धारक जोडा किंवा काटकोनी जोड वापरा. मशीन तिरकं धरून भागवू नका, कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

२१. नळी मागे जाऊन अडकते, परत येत नाही.

आत भुसा घट्ट बसला आहे. राळेच्या लाकडात तो चिकटतोही. बारीक स्क्रू सैल करून बिट काढा, नळी आणि स्प्रिंग वेगळी करा, जुन्या दातघासणीच्या ब्रशने झाडा, राळ स्पिरिटच्या फडक्याने पुसा. तेल घालू नका, तेलावर भुसा चिकटून लगद्यासारखा होतो. लावायचंच असेल तर कोरडं वंगण किंवा मेणाचा हलका हात.

बिट मोडला असेल तर त्याच व्यासाचा साधा बिट बसवता येतो. नव्या बिटाची लांबी जुन्याइतकी करा, आणि बारीक स्क्रू आवळण्याआधी नळी मोकळी सोडून टोक तोंडाच्या आत आहे ना ते पाहा. मग खोली पुन्हा टाकाऊ लाकडावर तपासा.

२२. हा बिट नसेल तर काम अडतं का?

अडत नाही. पट्टी जागेवर धरून टोकदार पेन्सिलीने भोकाच्या काठाने आतून गोल काढा, पट्टी काढा, गोलाच्या मध्यावर आरी उभी धरून दाबा आणि त्या खळीत साधा बिट घाला. खोलीसाठी बिटावर चिकटपट्टीची खूण करा. दुसरा मार्ग असा की पट्टीच्या भोकात अगदी घट्ट बसेल असा मोठा बिट हाताने दोन-चार वेळा फिरवायचा. त्याच्या टोकाने लाकडावर मध्याची खूण पडते, मग लहान बिट तिथे टेकवायचा. ही युक्ती मशीनने करू नका, पट्टीचा खळगा कापला जाईल.

दोन-तीन बिजागऱ्यांसाठी एवढं पुरतं. सहा-आठ दारांचं कपाट असेल तर बिट घ्या. दार आठवं आलं की डोळा आणि मनगट दोन्ही थकलेले असतात, आणि फट नेमकी तिथेच वाकडी होते.